क्लच दाबला तरी रिव्हर्स खरखरतो: ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेल्या जुन्या फोर बाय फोरचं हमखास दुखणं

गाडी स्टँडवरून खाली आली, पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं, सगळे खूश. मग क्लच तळापर्यंत दाबून रिव्हर्स टाकला आणि गिअरबॉक्सने करकरून दात खाल्ले. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवलेल्या जुन्या फोर बाय फोरची ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे की पुढचा प्रश्नही पाठ झालाय: "म्हणजे गिअरबॉक्स परत उतरवायचा?"

अजून नाही. आधी एक पट्टी शोधा, स्टीलची, मिलिमीटरच्या खुणा असलेली.

मूळच्या मॅन्युअल गाडीत पेडल, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा), पाइप, स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाने सरकणारा), फोर्क (त्याने हलणारी तरफ), रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं), प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरणारी) आणि फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) ही कारखान्यात एकाच हिशेबाने जुळवलेली साखळी असते. आपण ती चार ठिकाणांहून गोळा करतो. पेडल एका गाडीचं, मास्टर मिळेल तो, स्लेव्ह गिअरबॉक्सबरोबर आलेला, क्लच किट फ्लायव्हीलवर बसलं म्हणून घेतलेलं. एकेक वस्तू धडधाकट असते. पण पायाने दिलेली हालचाल बेअरिंगपर्यंत पोहोचेतो वाटेत कुठेतरी तीन-चार मिलिमीटर गळतात. तेवढे पुरेसे आहेत, कारण क्लच सुटतो तेव्हा प्लेटला मिळणारी मोकळीक असते जेमतेम मिलिमीटरभर. त्यामुळे नवा सुटा भाग आणण्याआधी हे मिलिमीटर कुठे गळताहेत ते शोधायचं.

लक्षणं

- इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, इंजिन सुरू केलं की रिव्हर्स खरखरतो आणि पहिला जोर लावल्याशिवाय जात नाही. हे मुख्य लक्षण.
- क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला की सपाट जागेवरही गाडी पुढे सरकू बघते.
- पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की गिअर पडतो, पाच मिनिटांनी परत तेच.
- थंड असताना सगळं ठीक, तासभर चालवल्यावर अडकायला लागतो.
- क्लच अगदी तळाला, पेडल मॅटला टेकल्यावरच सुटतो.
- गाडी महिनाभर उभी होती किंवा पाण्यातून काढली, आणि त्यानंतर क्लच अजिबात सुटेना.

इंजिन बंद असतानाही एखादा गिअर पडत नसेल तर तो क्लचचा दोष नाही. तो लिव्हरचा किंवा गिअरबॉक्सच्या आतला. आणि चढावर इंजिनचे आरपीएम वाढतात पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो, तर क्लच सुटत नाही असं नसून धरत नाही. ती उलटी तक्रार आहे. तिचं मूळ कधीकधी याच साखळीत असतं, ते फ्री प्लेच्या, म्हणजे पुशरॉडच्या मोकळिकीच्या, ठिकाणी सांगतो.

खात्रीसाठी एक फुकटची चाचणी. इंजिन गरम, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच तळापर्यंत दाबा, दाबलेलाच ठेवा, मनात दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारा भाग) नसतो, म्हणून तो सगळ्यात खरं बोलतो. लगेच टाकल्यावर खरखरतो पण दहानंतर गपचूप जातो, तर क्लच सुटतोय, फक्त इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) थांबायला वेळ घेतोय. तसं असेल तर तेलाचा ग्रेड बघा आणि सवय बदला. दहानंतरही खरखरला तर क्लच शाफ्टला ओढतोय. मग पुढे वाचा.

गाडीखाली जाण्याआधी

ऑटोमॅटिक गेला त्याबरोबर 'पी' पण गेला. ही गोष्ट लोक विसरतात. पार्किंगचा खटका आता नाही, गाडी धरून ठेवायला हँडब्रेक आणि गिअर एवढंच. त्यातही ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरसुद्धा गाडी धरत नाही, कारण गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. जुन्या लँड रोव्हरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला ड्रमवर असतो. तिथला प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढला की हँडब्रेक ओढूनही काही उपयोग नाही. चारही चाकांना ओंडके लावा, आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका, स्टँड लावा.

आणखी एक. रूपांतर करताना स्टार्टर फिरावा म्हणून ऑटोमॅटिकच्या न्यूट्रल स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून मोकळे झालेले असतात. त्यामुळे गाडी गिअरमध्येही सुरू होते. चाचण्या करताना हे लक्षात ठेवा, आणि सवड मिळाली की त्या वायरी क्लच पेडलच्या स्विचमधून घ्या.

मॅट, पेडल आणि आयडल

हसू नका. पहिली गाडी मी स्वतः रूपांतरित केली तेव्हा दोन संध्याकाळी ब्लीड करण्यात (तेलातली हवा काढण्यात) घालवल्या आणि दोष निघाला गालिच्याचा. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाखाली काहीच हलत नाही, म्हणून तिथे आवाज दाबणारा जाड थर आणि त्यावर गालिचा असतो. पेडल त्या थराला टेकत होतं आणि मला वाटत होतं तळाला गेलं. मॅट, गालिचा बाजूला करून हाताने पेडल दाबा आणि ते नेमकं कशाला टेकतं ते बघा. टेकायला हवं ते मास्टरच्या शेवटाला किंवा पेडलच्या स्टॉपला.

त्याच वेळी पेडल बाजूला डोलतं का तेही बघा. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल तसंच ठेवलं असेल तर क्लच पेडल त्याच्या कडेला घासतं. अशा वेळी ब्रेक पेडल कापण्याचा मोह होतो. कापू नका, मॅन्युअल गाडीचं पूर्ण पेडल बॉक्स बसवा.

आयडल किती आहे ते पाहा. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) गिअर न्यूट्रलमध्ये आहे की ड्राइव्हमध्ये याचा सिग्नल लागतो आणि त्यावरून तो आयडल सांभाळतो. वायरिंग अर्धवट राहिलं तर त्याला गाडी कायम ड्राइव्हमध्ये वाटते आणि आयडल भलतंच राहतं. सातशे-आठशेच्या जागी हजार-बाराशे आरपीएम असतील तर थोडासा ओढणारा क्लचही जोरात खरखरतो. आधी आयडल जागेवर आणा, मग क्लचला नावं ठेवा.

लिव्हर

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या पत्र्याला पाडलेलं भोक लहान असेल किंवा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स खालून धरणारा आडवा दांडा) सेंटिमीटरभर मागेपुढे बसला असेल तर लिव्हर पत्र्याला अडतो. पहिला, तिसरा, पाचवा अर्धवट पडतो आणि मग उसळून बाहेर येतो. लिव्हरचं रबर वर घ्या, टॉर्च धरा आणि कडेला चकाकणारी घासल्याची खूण शोधा. सापडली तर कानस लावा, काम झालं.

क्रँकची पुली

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो आणि पैसा लागत नाही, तरी जवळजवळ कोणीच करत नाही. बॉनेट उघडा, इंजिन आयडलवर ठेवा. दुसऱ्याला क्लच दाबायला-सोडायला सांगा आणि तुम्ही पुढच्या क्रँक पुलीकडे बाजूने पाहा. सैल कपडे आणि हात फिरत्या बेल्टपासून लांब.

क्लच दाबल्यावर रिलीज बेअरिंग सगळा क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) पुढे ढकलतो. तो जोर थ्रस्ट बेअरिंग झेलतं. निरोगी इंजिनमध्ये क्रँक पुढेमागे मिलिमीटरच्या काही दशांशांपेक्षा जास्त हलत नाही, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. क्लच दाबताना पुली ठळकपणे पुढे आलेली दिसली किंवा आयडल एकदम बसलं, तर इथेच थांबा, इंजिन बंद करा. ऑटोमॅटिकवर दोन-तीन लाख किलोमीटर झालेलं थ्रस्ट बेअरिंग कधी या जोराला सामोरंच गेलेलं नसतं, किंवा इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या भोकात तळाला टेकून त्याला सतत पुढे रेटत असतं. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावून मोजणं आणि पुढचा निर्णय हे इंजिनचं काम करणाऱ्याचं. तशीच चालवली तर शेवटी ब्लॉक जातो.

तेल आणि फ्री प्ले

मास्टरच्या डब्यातली पातळी, मग दोन ओलसर जागा: पेडलच्या वर, जिथे पुशरॉड फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) येतो, आणि स्लेव्हच्या रबरी बुटाच्या आत. बूट बोटाने मागे सारा. आत ओल असेल तर सील गेलंय. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ जे गाडीला सांगितलंय तेच घाला, सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. डब्यातलं तेल चहाच्या रंगाचं झालं असेल तर सगळंच बदला.

पुशरॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये थोडीशी मोकळीक हवीच, साधारण एक मिलिमीटर. ती अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल डब्यात परत जाण्याचं बारीक भोक बंद राहतं. गरम झाल्यावर तेल फुगतं, दाब अडकतो आणि क्लच न दाबताच थोडा दाबलेला राहतो. मघाशी म्हटलेला घसरणारा क्लच तो हाच. क्लच सुटावा म्हणून पुशरॉड लांब लांब करत नेणारे इथे येऊन पोहोचतात: एक दुखणं घालवायला जाऊन दुसरं.

आता पट्टी काढा

स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल तर गाडीखाली जाऊन स्लेव्हचा पुशरॉड फोर्कला जिथे भिडतो तिथे पट्टी धरा. इंजिन बंद. वरून कोणीतरी पेडल तळापर्यंत दाबून धरू दे. फोर्क किती सरकला ते लिहून ठेवा. मग पेडलपाशी मास्टरचा पुशरॉड किती सरकतो तेही मोजा.

आता हिशेब. जेवढं तेल मास्टरमधून निघतं तेवढंच स्लेव्हमध्ये जातं, म्हणून स्लेव्हचा प्रवास म्हणजे मास्टरचा प्रवास गुणिले दोन्ही बोअरच्या (आतल्या व्यासांच्या) वर्गांचं गुणोत्तर. समजा मास्टरचा बोअर १५.८७ मि.मी., म्हणजे पाच अष्टमांश इंच, आणि स्लेव्हचा २०.६४ मि.मी. वर्गांचं गुणोत्तर ०.५९. मास्टर ३० मि.मी. सरकला तर स्लेव्ह १७.७ मि.मी. सरकायला हवा. पट्टीवर १७ दिसले तर हायड्रॉलिक्स उत्तम आहे, त्याला पुन्हा हात लावू नका. १२ दिसले तर जवळजवळ पावणेसहा मिलिमीटर गळाले आणि ते वरच, गिअरबॉक्सच्या बाहेर गळाले. गिअरबॉक्स उतरवून तिथे काही सापडणार नाही.

तिसरी शक्यता: हिशेब बरोबर येतो, पण या गिअरबॉक्सच्या फोर्कला मुळात जास्त प्रवास हवाय. मॅन्युअल गाडीच्या दुरुस्ती पुस्तकात आकडा असतो, किंवा तेच गिअरबॉक्स मुळात असलेल्या गाडीखाली पट्टी घेऊन जा. मग मास्टर मोठा घ्यावा लागतो. वरच्याच उदाहरणात मास्टर १९.०५ मि.मी. म्हणजे पाऊण इंचाचा लावला तर स्लेव्ह २५.६ मि.मी. सरकेल. पण पेडलला १.४४ पट जोर लागेल, आणि प्रवास जास्त झाला तर प्रेशर प्लेटची बोटं प्लेटच्या हबवर आदळतात किंवा स्लेव्हचा पिस्टन घराबाहेर येतो. 'मोठा मास्टर लाव' हा सल्ला सर्रास मिळतो. मोजल्याशिवाय तो घेऊ नका.

स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या घराच्या) आत, इनपुट शाफ्टभोवती असेल तर पट्टी लावायला जागाच नाही. जीप चेरोकीतल्या एएक्स१५ गिअरबॉक्सचं उदाहरण घ्या: १९९३ पर्यंत स्लेव्ह आत, १९९४ पासून बाहेर. पर्याय असेल तर बाहेरच्या स्लेव्हचं बेल हाउसिंग घ्या. पुढचं सगळं आयुष्य सोपं होतं.

हिशेबापेक्षा प्रवास कमी आला तर

आधी फायरवॉल. रूपांतरात हा गुन्हेगार सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात उशिरा. ऑटोमॅटिक बॉडीत क्लच मास्टरची जागा झाकलेली असते. भोक पाडून मास्टर बसवता येतो, पण मागच्या बाजूला जाड पत्र्याचा आधार नसला तर फायरवॉलचा पातळ पत्रा पेडलबरोबर वाकतो. एका गाडीवर मी ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या ओतून झाल्यावर वैतागून बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि मुलाला म्हटलं, दाब. मास्टर माझ्या डोळ्यांसमोर पुढे आला आणि मागे गेला. बुडाचा रबरी वॉशर उघडत-मिटत होता, गाडी श्वास घेत असल्यासारखा. तीस मिलिमीटरातले चार तिथेच जात होते.

तपासायचं असं: मास्टरच्या तोंडाशी एखादी तार स्थिर टेकवा, तारेचं दुसरं टोक इंजिनवर नाही तर बॉडीच्या पक्क्या भागावर बांधा, आणि पेडल दाबताना फट उघडते का पाहा. मिलिमीटरभर हलणं चालतं. त्याहून जास्त असेल तर फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर जाडीची प्लेट सँडविचसारखी बोल्टने कसा, आणि पेडलचा ब्रॅकेट वर डॅशबोर्डच्या आडव्या दांड्याला बांधा. मॅन्युअल गाडीत हा दुसरा आधार असतोच. आपण घाईत तो आणायचा विसरतो.

मग हवा. पेडल पंप केल्यावर गिअर पडत असेल तर बहुधा हवा आहे. नेहमीसारखं ब्लीड करूनही निघत नसेल तर पाइपच्या वाटेकडे पाहा. आपण घरी वाकवलेला पाइप ब्रेक बूस्टरवरून कमान करून जातो, कमानीचा माथा मास्टरच्या तोंडापेक्षा उंच होतो आणि बुडबुडा तिथे मुक्काम ठोकतो. पाइप असा न्या की मास्टरपासून स्लेव्हपर्यंत तो उतरतच जाईल. दुसरं कारण: स्लेव्ह उलटा बसतो आणि ब्लीडर निपल खाली येतं. हवा वर, निपल खाली, मग निघणार कशी? स्लेव्ह सोडवून हातात धरा, निपल वर करा, पुशरॉड आत दाबून ठेवा आणि ब्लीड करा.

जुना रबरी होज वेगळाच त्रास देतो. दुसऱ्याने पेडल दाबलं की होज मुठीत धरा. हाताला फुगल्यासारखा लागला तर बदला. पाइप सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेला असेल तर तापून तेल उकळतं. थंड गाडीत ठीक आणि तासाभराने बिघाड, यामागे बऱ्याचदा हेच निघतं. वाट बदला किंवा मध्ये उष्णता अडवणारा पत्रा लावा.

प्रवास बरोबर आहे, तरी खरखर

आता दोष बेल हाउसिंगच्या आत. तरी उतरवण्याआधी फोर्कचं रबर काढून टॉर्चने आत पाहा. मोकळा असताना फोर्क थोडा गिअरबॉक्सकडे किंवा थोडा इंजिनकडे झुकलेला असतो. कोणत्या बाजूला ते गिअरबॉक्सवर ठरतं, पण पूर्ण प्रवासात तो खिडकीच्या कडेला कुठेही आदळता कामा नये. आदळत असेल तर पिव्हट बॉल, रिलीज बेअरिंगची बाही किंवा फ्लायव्हीलची उंची चुकीच्या किटमधली आहे. लँड रोव्हरच्या एलटी७७ आणि आर३८० गिअरबॉक्सवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी: तिथला पत्र्याचा फोर्क पिव्हट बॉलवर झिजतो आणि शेवटी बॉल पत्र्यातून आरपार जातो. फोर्क बाहेर बरोबर सरकतो, आत बेअरिंग जागचं हलत नाही. जुना गिअरबॉक्स घेतला असेल तर बसवण्याआधीच मजबूत केलेला फोर्क टाकणं शहाणपणाचं.

महिनाभर उभ्या गाडीत किंवा पाण्यातून आल्यावर क्लच चिकटला असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरली आहे. मोकळ्या मैदानात इंजिन गरम करून बंद करा, दुसरा गिअर टाका, क्लच दाबून ठेवा, इंजिन सुरू करून थोडं झटके देत चालवा. बहुतेक वेळा सुटते. सुटली की खालचं झाकण तपासा: ऑटोमॅटिकचं झाकण नव्या बेल हाउसिंगला बसत नाही म्हणून लोक ते फेकून देतात आणि मग चिखल थेट आत जातो. इंजिन आणि बेल हाउसिंगमधली पातळ प्लेट गाळली असेल तर त्याहून वाईट, कारण तिच्या जाडीइतका गिअरबॉक्स पुढे सरकतो आणि स्टार्टरची बैठकही बदलते.

उतरवावाच लागला तर

आधी ट्रान्सफर केस वेगळा करा, मग गिअरबॉक्स. दोन्ही एकत्र उतरवण्याच्या भानगडीत माझं एक बोट कायमचं वाकडं झालंय. ट्रान्समिशन जॅक आणि दुसरा माणूस, दोन्ही हवेत.

पहिली नजर पायलट बेअरिंगवर, म्हणजे क्रँकच्या मागच्या भोकात इनपुट शाफ्टचं टोक धरणाऱ्या बेअरिंगवर. ते कधी सुयांचं असतं, कधी नुसता बुश. ऑटोमॅटिकला ते लागतच नाही, कारण क्रँकच्या मागच्या भोकात टॉर्क कन्व्हर्टरचं (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो त्याचं) नाक बसतं. त्यामुळे काही ऑटोमॅटिक क्रँकमध्ये ते भोक मोठं असतं आणि मध्ये बाही लागते, तर काहींमध्ये ते पूर्ण मापाचं कातलेलंच नसतं. बुश घट्ट बसला किंवा तिरका ठोकला की तो इनपुट शाफ्टला पकडून क्रँकबरोबर फिरवत राहतो. प्लेट सुटली काय, न सुटली काय, शाफ्ट फिरतोच. हायड्रॉलिक्स अचूक असूनही दहा आकड्यांची चाचणी नापास होते ती अशी. काढलेल्या शाफ्टच्या टोकावर निळसर जळका डाग किंवा पितळी पूड दिसली की ओळखा. नवा बुश हातोडीने थेट मारू नका, शाफ्टच्या मापाच्या गोल दांड्याने सरळ बसवा. सच्छिद्र ब्राँझचा बुश आधी इंजिन ऑइलमध्ये भिजवा, त्याला ग्रीस लावू नका. सुयांच्या बेअरिंगला मात्र ग्रीसच.

मग प्लेट. तिच्यावर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते, तरी उलटी बसवलेली मी पाहिली आहे. उलट बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो. ऑटोमॅटिकच्या फ्लेक्सप्लेटचे (फ्लायव्हीलच्या जागच्या पातळ चकतीचे) बोल्ट फ्लायव्हीलला वापरले की लांबी चुकते. फ्लेक्सप्लेटखालचा स्पेसर क्रँकवर तसाच राहिला तर फ्लायव्हील मागे येतं आणि सगळी उंची बिघडते. हबवर बोल्टांच्या डोक्यांचा ठसा उमटला असेल तर कारण तिथेच मिळालं.

प्लेट वाकडी आहे का तेही बघा. बसवताना गिअरबॉक्सचं वजन क्षणभर जरी प्लेटच्या हबवर लटकलं तरी ती वाकते. आणि गिअरबॉक्स शेवटचे दहा मिलिमीटर जात नाही म्हणून बोल्ट कसून ओढला असेल तर पायलट बुश चेपला असं धरून चाला. तो हाताने पूर्ण बसायला हवा. बसत नसेल तर काहीतरी जुळलेलं नाही.

डोवेल पिन (इंजिन आणि बेल हाउसिंग नेमकं जुळवणाऱ्या) दोन्ही आहेत ना? ऑटोमॅटिकच्या घराबरोबर एखादी निघून गेलेली असते. डोवेलशिवाय बेल हाउसिंग बोल्टांच्या भोकातल्या फटीइतकं खाली बसतं, इनपुट शाफ्ट तिरका जातो आणि क्लच ओढतो. अ‍ॅडॉप्टर प्लेट वापरली असेल तर मध्यभाग डायल गेजने मोजलाच पाहिजे. गेजच्या पूर्ण फेरीतला फरक ०.१३ मि.मी.च्या आत हवा.

चेरोकीच्या ४ लिटर इंजिनवाल्यांसाठी चालता चालता: क्रँक सेन्सर बेल हाउसिंगवर बसून फ्लायव्हीलच्या खाचा वाचतो. १९९० पर्यंतच्या आणि १९९१ नंतरच्या खाचांचा आराखडा वेगळा आहे. क्लच बरोबर झाला आणि इंजिनच सुरू होईना, तर फ्लायव्हीलचं साल पाहा.

कुठे थांबायचं

पुलीचं वर सांगितलंच, तिथे 'बघू अजून एकदा' नको. क्रँकचं भोक कातायचं किंवा वाढवायचं असेल तर ते मशीन शॉपचं काम, हँड ड्रिलने कधीच नाही. जरासा तिरकेपणाही नवा बुश लवकर खातो. अ‍ॅडॉप्टर प्लेटचा मध्य जुळत नसेल आणि ऑफसेट डोवेल लावायची वेळ आली तर तेही त्यांच्याकडेच द्या. फायरवॉलवर वेल्डिंग करायचं तर बॅटरी काढून, वायरिंग आणि आतला इन्सुलेशनचा थर बाजूला करून, ज्याचं ते रोजचं काम आहे त्याने करावं. बोल्टची प्लेट पुरत असेल तर वेल्डिंग टाळाच. ब्रेक पेडल, बूस्टर किंवा स्टीअरिंगच्या आधाराला हात लावावा लागत असेल तर ब्रेकचं काम जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवून, बसवून आकडे बरोबर असूनही खरखर राहिली, तर दोष सिंक्रो आणि शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असू शकतो. तो गिअरबॉक्स उघडणाऱ्याकडे न्या, आणि जाताना तेल कोणतं भरलं ते सांगा. एलटी७७ला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं. त्यात जाड गिअर ऑइल भरून सिंक्रोला दोष देणारे कमी नाहीत.

त्याच्याकडे जाताना मोजलेले आकडे कागदावर लिहून न्या: मास्टरचा बोअर आणि प्रवास, स्लेव्हचा बोअर आणि प्रवास, फायरवॉल किती हलतो ते. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं बिलही.

क्लच एकदा नीट सुटायला लागला की स्लेव्हचा प्रवास पुन्हा मोजा आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. माझ्या गाडीत १७ लिहिलंय. पुढच्या वेळी रिव्हर्स कुरकुरला की मी आधी खाली जाऊन पट्टी लावतो.